बोटीच्या तळाला भोक पाडायच्या आधी तळ कसला आहे ते बघा

मागच्या मे महिन्यात मुंबईत दारुखान्याच्या बाजूला एका यार्डात २८ फुटी मोटरबोट स्लीपरवर उभी होती. मालकाला डेक धुवायच्या पंपासाठी समुद्राचं पाणी घ्यायचं होतं, म्हणून तळाला एक इंची थ्रू-हल, म्हणजे तळातून आरपार जाणारं नळीचं फिटिंग, बसवायचं ठरलेलं. मार्करने फुली मारलेली, ड्रिलला होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत, लावून पोरगा तयार. मी म्हटलं थांब, आधी आतून ३ मिमीचं बिट घालून बघू. बिट तीन-चार मिमी कडक गेलं आणि मग एकदम सरकलं, जसं काही पुढे कायच नाहीये. बाहेर काढलं तर खाचेत काळपट ओला लगदा, चहाच्या चोथ्यासारखा, आणि कुजलेल्या लाकडाचा आंबूस वास. दोन मिनिटं तिथं कोणी बोललंच नाही.

तो लगदा म्हणजे बाल्सा लाकूड होतं. ती बोट आतून-बाहेरून फायबरची दिसत होती पण तळाच्या दोन फायबर थरांच्या मध्ये बाल्साचा गाभा होता आणि मालकाला ते माहीतच नव्हतं, त्याने बोट सेकंडहॅंड घेतलेली. दोन फुटांवर कोणीतरी पूर्वी फिशफाइंडरच्या ट्रान्सड्यूसरसाठी (पाण्याखालच्या सेन्सरसाठी) भोक पाडलेलं, फिटिंग बसवलं, सीलंट लावलं, पण भोकाच्या कडेला उघडा पडलेला बाल्सा बंद केला नाही. सीलंट म्हातारं झालं, पाणी शिरलं आणि गाभ्यातून हळूहळू पसरत गेलं. एका भोकाच्या चुकीपायी आतला थर बराचसा कापून काढावा लागला, सीझन गेला तो गेलाच.

म्हणून हा लेख. भोक पाडायला खरंच दोन मिनिटं लागतात, पण तुम्ही ज्या भिंतीला भोक पाडताय ती कशाची बनलीये हे समजून घ्यायला एक-दोन दिवस द्या अशी मी अगदी हात जोडून विनंती करतो.

आणि धोका केवढा आहे ते आकड्यात बघा. एक इंची फिटिंग पाण्याखाली अर्धा मीटर आहे आणि त्याचा होज निसटला तर मिनिटाला साधारण ५५ लिटर पाणी आत येतं, म्हणजे जवळपास तीन बादल्या. पूर्ण फिटिंगच उपटून आलं तर मिनिटाला शंभर लिटरच्या आसपास. छोट्या बोटींवरचे बिल्ज पंप, म्हणजे तळात साचलेलं पाणी उपसणारे पंप, डब्यावर लिहिलेल्या आकड्याइतकं पाणी प्रत्यक्षात कधीच फेकत नाहीत, बॅटरी उतरली की तर अजिबातच नाही. बोट मूरिंगवर, म्हणजे पाण्यात बांधून ठेवलेली, एकटी असते रात्री, हे विसरू नका.

तळ कसला कसला असतो

मुंबईत आपल्याला साधारण पाच प्रकार भेटतात.

सर्वात सोपा म्हणजे भरीव फायबर. मोल्डमध्ये जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर), मग मॅट, रोविंग, परत मॅट (हे काचेच्या धाग्यांच्या कापडाचे प्रकार) असे रेझिनने भिजवलेले थर, मध्ये दुसरं काही नाही. हाताने घातलेल्या कामात जाडी सगळीकडे सारखी नसते हे लक्षात ठेवा. कीलजवळ, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याजवळ, दोन्ही बाजूंचे थर एकमेकांवर चढवलेले असतात म्हणून तिथं तळ चांगलाच जाड भरतो, जरा बाजूला गेलं की कमी. त्यामुळे एका जागी मोजलेली जाडी दुसऱ्या जागी धरून चालू नका.

दुसरा प्रकार सँडविच. बाहेर फायबरचा थर, आत फायबरचा थर आणि मध्ये बाल्सा, फोम किंवा प्लायवूडचा गाभा. वजन कमी आणि कडकपणा जास्त म्हणून बिल्डर हे करतात आणि त्यात चुकीचं काही नाही, नीट बांधलेली सँडविच बोट फार छान असते. बऱ्याच बोटींत पाण्याच्या रेषेखाली भरीव फायबर आणि वर सँडविच असतं, पण सगळ्यांत नाही, आणि "बहुतेक भरीवच असेल" या वाक्यावर विश्वास ठेवून मी लोकांना रडताना बघितलंय. सँडविचमध्ये दोन्ही फायबर थर पातळ असतात, सगळी ताकद ते गाभ्याला घट्ट चिकटलेले असण्यात आहे. गाभा भिजला की थर सुटतात, आणि सुटले की तळ वाकायला लागतो. शिवाय फिटिंगचा नट आवळला की मऊ गाभा दबतो, मग सील कितीही भारी वापरा, आठवड्याभराने ते सैल.

तिसरा प्रकार लाकडी बोट, सागाच्या फळ्या, सांध्यात कापूस ठोकलेला. कोळीवाड्यांत जुन्या बोटी अजून अशा आहेत. इथे भोक फळीच्या मधोमध हवं, सांध्यावर कधीच नाही, आणि आतल्या वाकांपासून, म्हणजे बोटीच्या आडव्या फासळ्यांपासून, लांब. भोकाची उघडी कड इपॉक्सीने दोन-तीनदा पाजून घ्यायची.

चौथा प्रकार फसवा आहे, लाकडी बोटीवर बाहेरून फायबर चढवलेलं. बाहेरून बघून वाटतं फायबरची बोट. अशा तळाला भोक पाडून कड बंद केली नाही तर पाणी लाकूड आणि फायबरच्या मध्ये जाऊन बसतं, वरून काही दिसत नाही आणि आत लाकूड सडत राहतं. आतून बघितलं की वाक आणि फळ्या दिसतात, त्यामुळे ओळखायला सोपं आहे, फक्त बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, डोकं घालायची तयारी पाहिजे.

पाचवा ॲल्युमिनियम. इथे गाभ्याचा प्रश्न नाही, पण धातूचा आहे. ॲल्युमिनियमच्या तळाला गनमेटलचं फिटिंग थेट लावलं तर खाऱ्या पाण्यात ते दोघं मिळून बॅटरी बनवतात आणि झिजतं ते ॲल्युमिनियम, म्हणजे तुमचा तळ. तिथे ग्लास-भरलेल्या नायलॉनचं, मॅरेलॉनसारखं फिटिंग वापरा.

मग ओळखायचं कसं

पहिलं काम फुकट आहे. बोट बांधणाऱ्याला फोन करा, मॉडेल आणि वर्ष सांगून विचारा की तळ पाण्याच्या रेषेखाली भरीव आहे की सँडविच. ते नाही जमलं तर बोटीत आधीपासून असलेलं एखादं भोक शोधा. जुना सेन्सर, बंद पडलेलं फिटिंग, काहीही. ते काढून भोकाच्या कडेला टॉर्च मारली की तळाचा छेद उघडा दिसतो, भिंतीच्या प्लॅस्टरचे थर दिसतात तसे. अर्थात हे बोट पाण्याबाहेर असतानाच.

दुसरं, वाजवून बघा. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसंच. पाच रुपयाचं नाणं किंवा छोटी प्लॅस्टिकची हातोडी घ्या आणि बाहेरून दर दोन-तीन इंचांवर हलकं ठोकत जा. भरीव फायबर टणटणीत वाजतं. सँडविच थोडं भरलेलं, घुमणारं. आणि थर सुटलेले किंवा गाभा भिजलेला असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो, तो एकदा ऐकला की कान विसरत नाही. आत स्ट्रिंजर (तळाला बळकटी देणारी लांब पट्टी) किंवा बल्कहेड (आडवी भिंत) असेल तिथं आवाज बदलणारच, तेव्हा आत एक माणूस बसवा आणि बाहेरून ठोकणाऱ्याला तो सांगत राहू दे की तू आता कुठे आहेस. मॉइश्चर मीटर असेल तर छानच, पण तांब्याच्या अँटीफाउलिंग (तळाला शेवाळ-शंख धरू न देणाऱ्या) रंगावरून त्याचं रीडिंग चुकतं, रंग खरवडून मगच लावा.

तिसरं आणि खात्रीचं, पायलट भोक. जिथं फिटिंग बसणार त्याच्या बरोबर मध्यावर, कारण हे भोक पुढे मोठ्या भोकात जाणारच आहे, नुकसान शून्य. आतून ३ मिमीचं बिट, हळू स्पीड, आणि दर दोन मिमीला बिट बाहेर काढून चुरा तळहातावर घ्या. पांढरी, खाजरी, काचेसारखी पूड म्हणजे फायबर. फिकट पिवळट हलके लाकडाचे कण म्हणजे बाल्सा. रंगीत भुरभुरीत कण म्हणजे फोम. लालसर-तपकिरी लाकडाचा भुसा म्हणजे प्लायवूड. आणि चुरा ओला असेल तर काम तिथंच थांबवा, पुढचं सगळं कोरडं होईपर्यंत आणि भिजलेला भाग कुठवर गेलाय ते कळेपर्यंत.

मी एक तार वापरतो. पायलट भोक ५ मिमी करून घेतो, पातळ स्टीलच्या तारेचं टोक हुकासारखं वाकवतो आणि भोकातून पार घालून बाहेरच्या बाजूला अडकवतो, मग आतल्या पृष्ठभागाला नखाने खूण करून बाहेर काढून मोजतो. ती झाली जाडी. तीच तार हळू ओढताना भोकाच्या भिंतीला घासू द्या, कडक-मऊ-कडक असं बोटाला जाणवलं तर गाभा आहे. पन्नास पैशाची तार, पण मीटरपेक्षा जास्त खरं बोलते.

एक गोष्ट पुष्कळ लोकांची सुटते, आतला लायनर. कारखान्यात बनलेल्या मोटरबोटींत आतून एक गुळगुळीत फायबरचं मोल्डिंग बसवलेलं असतं आणि त्याच्या नि खऱ्या तळाच्या मध्ये पोकळी किंवा फोम असतो. तुम्हाला वाटतं तळ दिसतोय, पण तो लायनर असतो. त्यावर नट आवळला तर लायनर वाकतो आणि तळाला काहीच पकड नसते. लायनर असेल तर त्याला हात आणि पाना जाईल एवढं मोठं भोक कापायचं आणि खऱ्या तळावर काम करायचं.

जागा कुठली

आतून बघायचं आणि बाहेरून बघायचं, दोन्ही. आतून स्ट्रिंजर, इंजिन माउंट, डिझेल टाकी, वायरिंग यांपासून लांब, निदान चार बोटं तरी मोकळी, शिवाय सी-कॉकचं, म्हणजे थ्रू-हलवर बसणाऱ्या पाणी बंद करायच्या व्हॉल्व्हचं, हॅंडल पूर्ण फिरेल आणि अडचणीच्या वेळी अंधारात हात पोचेल अशी. ज्या सी-कॉकला हात पोचत नाही तो नसल्यासारखाच.

बाहेरून तळावरच्या लांब पट्ट्यांच्या, म्हणजे स्ट्रेकच्या लगेच मागे नको, तिथं वेगात हवेचे बुडबुडे येतात आणि पंप हवा ओढतो. ट्रान्सड्यूसरच्या पुढे पण नको, नाहीतर फिशफाइंडरचं चित्र फाटतं. क्रेनचा पट्टा जिथं येतो ती जागा सोडा. आणि मुंबईची म्हणून खास गोष्ट, आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, खाडीत ठेवलेल्या बोटी ओहोटीला चिखलावर बसतात. कीलच्या अगदी जवळ इनटेक (पाणी आत घ्यायचं तोंड) ठेवला तर तो रोज चिखलात रुतणार, जाळी तुंबणार आणि बाहेर आलेलं डोकं ठोकर खाणार. जरा बाजूला, पण बोट कलली तरी पाण्याबाहेर येणार नाही अशी जागा शोधायला वेळ घ्या. जनरेटरचा इनटेक असेल तर पुढे तोंड केलेला स्कूप लावू नका, जनरेटर बंद असताना बोट पळाली की पाणी दाबाने आत ढकललं जातं आणि सायलेन्सर भरतो.

प्रवासी किंवा सर्व्हे असलेली बोट असेल तर भोक पाडायच्या आधी सर्व्हेअरला सांगा, नंतर नाही.

भोक

आधी फिटिंग हातात घ्या आणि व्हर्नियरने मोजा. एक इंची फिटिंगला एक इंच भोक लागतं असं समजून लोक चुकतात. इंच हे आतल्या नळीचं माप आहे, बाहेरचे आटे एक इंची बीएसपीला (नळाच्या आट्यांचं ब्रिटिश माप) ३३.२ मिमी असतात, पाऊण इंचीला २६.४ आणि दीड इंचीला ४७.८. म्हणजे एक इंचीला ३४-३५ मिमीचा होल सॉ. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात होल सॉ घेतानाच फिटिंग खिशात घेऊन जा, दुकानात बसवून बघा.

बाहेरून मास्किंग टेप लावा. पायलट भोकातून बाहेरून होल सॉ लावा, तळाला अगदी काटकोनात, जमिनीला नाही तर तळाला, हे महत्त्वाचं. आधी ड्रिल उलटा फिरवा, जेलकोटला गोल रेघ पडेपर्यंत, म्हणजे जेलकोट टवके न उडता कापला जातो. मग सरळ फिरवून हळूहळू आत. एन-९५ मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या, फायबरची पूड दोन दिवस खाजते. बॅटरीचं ड्रिल वापरा, ओल्या यार्डात २३० व्होल्टची वायर ओढू नका.

भरीव फायबर असेल तर इथं भोकाचं काम संपलं. कड सॅंडपेपरने साफ करा, पातळ इपॉक्सीचा हात मारा, म्हणजे उघड्या पडलेल्या ग्लासच्या धाग्यांतून पाणी चढणार नाही.

सँडविच असेल तर होल सॉ थेट पार नेऊ नका. इथं क्रम वेगळा आहे आणि सगळा जीव इथंच आहे. एक इंची फिटिंगसाठी आतून ८५-९० मिमीचा होल सॉ लावा, म्हणजे भोकाच्या चारी बाजूंना इंचभर जास्त, आणि फक्त आतला थर नि गाभा कापा. बाहेरच्या थराला हात लावायचा नाही. सॉवर खोलीची टेप-खूण करा, तारेने मोजलेला आकडा इथं कामी येतो. मग छिन्नीने गाभा उचलून काढा, बाहेरच्या थराची आतली बाजू ६० नंबरच्या सॅंडपेपरने खरवडा, ॲसिटोनने पुसा. गाभा कोरडा आहे ना ते परत एकदा बघा.

आता बाहेरून पायलट भोकावर टेप, आतून आधी नुसती इपॉक्सी ब्रशने, गाभ्याच्या कडेला जरा जास्त कारण बाल्सा ती पितो. ती चिकट असतानाच ग्लासचे गोल कापलेले तुकडे आणि सिलिका घालून लोण्याएवढी घट्ट केलेली इपॉक्सी, थर देत देत भरा. एकाच वेळी सगळं भरू नका. मुंबईच्या मे महिन्यात ३३-३४ डिग्रीला कपात कालवलेली इपॉक्सी बघता बघता उकळते, धूर निघतो आणि आतून तडकते. मी एका वेळी सेंटिमीटरभर भरतो, थंड होऊ देतो, मग पुढचा. स्लो हार्डनर घ्या आणि सकाळी लवकर काम करा. पावसाळ्याच्या दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुऊन घासल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. आणि इपॉक्सीवर नेहमीचं पॉलिस्टर रेझिन लावू नका, ते नीट चिकटत नाही. पॉलिस्टरवर इपॉक्सी चालते, उलटं नाही.

पूर्ण कडक झालं की मग बाहेरून ३५ मिमीचं खरं भोक. आता त्याच्या कडेला गाभा कुठेच दिसत नाही, सगळीकडे भरीव फायबर-इपॉक्सी. असं दिसलं की खरंच छान वाटतं.

भोक चुकलं तर काय, हे पण सांगतो म्हणजे घाई होणार नाही. भोक बुजवायचं तर जाडीच्या बारा पट उतार घासावा लागतो, ८ मिमीच्या तळाला भोकाच्या चारी बाजूंनी ९६ मिमी. एका रुपयाएवढ्या भोकासाठी ताटाएवढा खड्डा.

बसवणं

तळाची आतली बाजू क्वचितच सपाट असते, म्हणून बॅकिंग ब्लॉक. मरीन प्लायवूड किंवा त्याहून चांगलं म्हणजे फायबरची जाड शीट, सी-कॉकच्या फ्लॅंजपेक्षा चारी बाजूंनी मोठी, कोपरे गोल. खालची बाजू तळाच्या वाकाप्रमाणे घासून बसवायची, वरची सपाट. प्लायवूड असेल तर सहाही बाजू इपॉक्सीने बंद. घट्ट इपॉक्सीत चिकटवून टाका. हा ब्लॉक दिसायला साधा आहे पण लिव्हरसारखा जोर आला की तोच भार पसरवतो. अमेरिकन एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात बसवलेल्या सी-कॉकच्या आतल्या टोकाला ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो, ३० सेकंद झेपलं पाहिजे असं आहे. एवढं का, तर बिल्जमध्ये घसरलेला माणूस नेमका त्यावरच पाय देतो.

धातूबद्दल कळकळीने सांगतो. पितळेचं नळाचं सामान पाण्याखाली लावू नका. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं, उरतं गुलाबी, भुसभुशीत तांबं, जे पान्याने बिस्किटासारखं तुटतं. गनमेटल, डीझेडआर (जस्त निघून न जाणारं) पितळ किंवा मॅरेलॉन घ्या. स्टेनलेस चकाकतं म्हणून मोह होतो, पण सीलंटखाली ऑक्सिजन न मिळता ते आतून खातं. भंगारबाजारात जहाजातून उतरवलेली गनमेटलची मजबूत फिटिंग मिळतात, घ्या, पण आधी कोपऱ्यात कानशीने घासून आतला रंग बघा. आणखी एक, थ्रू-हलचे आटे बरेचदा सरळ असतात आणि बाजारातल्या बॉल व्हॉल्व्हचे निमुळते असू शकतात. दोन-तीन आट्यांत अडकलं की लोकांना वाटतं घट्ट बसलं, ते घट्ट नाही, ते अडकलंय. व्हॉल्व्ह आणि थ्रू-हल जोडीनेच घ्या.

आधी कोरडं बसवून बघा, लांब असेल तर आटे कापा. मग सीलंट, पॉलियुरेथेन, सिकाफ्लेक्स २९१ किंवा तसलंच. सिलिकॉन नको, एकदा सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर रंग, रेझिन काहीच धरत नाही. डोक्याखाली आणि आट्यांवर भरपूर लावा, एक जण बाहेरून धरेल, एक आतून नट फिरवेल. चारी बाजूंनी सारखी बारीक वळी बाहेर आली की थांबा, एवढं आवळू नका की सगळंच पिळून निघेल. एक-दोन दिवस जाऊ दे. आपल्या दमट हवेत हे लवकर सेट होतं कारण त्याला ओलावाच लागतो, तरी आठवडा मिळाला तर द्या. होजला स्टेनलेसच्या दोन क्लिपा, आणि प्रत्येक सी-कॉकला दोरीने बांधलेलं निमुळतं लाकडी बूच.

बोट पाण्यात सोडताना क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवा की पट्टे लगेच सोडू नकोस. बोट तरंगली की तुम्ही टॉर्च आणि कोरडा टिश्यू पेपर घेऊन आत बिल्जमध्ये, ब्लॉकच्या कडेने टिश्यू फिरवा, व्हॉल्व्ह बंद ठेवून आणि मग उघडून. टिश्यू कोरडा राहिला तर पट्टे सोडा. त्या रात्री सी-कॉक बंद करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, एक भरती-ओहोटी उलटल्यावर, परत येऊन तोच टिश्यू परत फिरवा.